पळीचे मुखत्यार

प्रत्येक पंगतीला एक यजमान असतो, एक आचारी असतो, आणि या दोघांपैकी कोणीही नेमलेला नसताना केवळ अंगभूत अधिकाराने पंगतीचा ताबा घेणारा एक कारभारीही असतो. यजमानाला पाहुण्यांची चिंता असते आणि आचाऱ्याला मजुरीची. कारभाऱ्याला मात्र कसलीच चिंता नसते, कारण त्याला सर्वच ठाऊक असते. वरण पातळ झाले आहे हे त्याला वासावरून कळते, भाताला अजून एक वाफ हवी आहे हे झाकणाच्या आवाजावरून, आणि पंगतीच्या पार टोकाला बसलेल्या वृद्धाला तूप पोहोचलेले नाही हे त्या वृद्धाच्या चेहऱ्यावरील विरक्तीवरून. हा गृहस्थ महाराष्ट्रात सर्वत्र आढळतो. परंतु त्याची मुरलेली, अस्सल आणि कोठेही नेली तरी न बदलणारी जात पाहावयाची असेल, तर विंध्य उतरून नर्मदेकडे जाणाऱ्या वाटेवरील देवास जिल्ह्यातल्या उदयनगरासारख्या गावी जावे लागते.

उदयनगर हे तहसिलीचे ठिकाण. भोवती सागाचे जंगल, भिल्ल, भिलाला आणि कोरकूंच्या वस्त्या, दक्षिणेला नर्मदा, आणि त्याच टापूत तो कावडिया पहाड, ज्याचे पैलूदार कातळखांब दगडाने ठोकले असता धातूसारखे वाजतात आणि जे भीमाने कावडीतून वाहून आणले असे लोक आजही निःशंकपणे सांगतात. अशा मुलखात मराठी माणूस पोहोचला तो तलवारीमागून चालत आलेल्या दौतीच्या सोबतीने. पवारांनी अठराव्या शतकात धारेस आणि देवासास गाद्या मांडल्या तेव्हा त्यांच्यामागून फडणीस, पोतनीस, कमाविसदार आणि त्यांच्या हाताखालचे कारकून असा जो दप्तराचा लवाजमा माळव्यात उतरला, त्याच्या वंशजांनी पुढे राज्ये गेली तरी दप्तर सोडले नाही. मी ज्या कारभाऱ्यांविषयी लिहीत आहे त्यांचे आजोबा देवासच्या थोरल्या पातीच्या चाकरीत होते, वडिलांनी १९४८ साली स्थापन झालेल्या मध्यभारताची सेवा केली, आणि ते स्वतः १ नोव्हेंबर १९५६ रोजी अस्तित्वात आलेल्या मध्यप्रदेशाच्या महसूल खात्यातून निवृत्त झाले. सरकारे तीन झाली. सही करण्यापूर्वी चष्मा पुसण्याची पद्धत मात्र घराण्यात एकच राहिली.

निवृत्तीनंतर अशा माणसाजवळ अधिकार पुष्कळ उरतो आणि तो गाजविण्यास जागा उरत नाही. गावातील तंटे हल्ली ठाण्यावर जातात, नातवंडांचे अभ्यास मोबाईलवर होतात, आणि घरातील खर्चाचा हिशेब तर पत्नीने कधीच त्यांच्या हाती लागू दिलेला नाही. उरतो तो रविवार, आणि रविवारचे दाल-बाफले.

दाल-बाफले हे माळव्यात जेवण नसून कामकाज आहे. एखाद्याच्या विहिरीवर अथवा ओढ्याकाठी मंडळी जमतात. या वनभोजनाला तिकडे गोठ म्हणतात. सकाळी कंडे, म्हणजे गोवऱ्या, पेटतात आणि पहिला घास तिसऱ्या प्रहरी तोंडात पडतो, आणि मधल्या वेळात कोणी कंटाळला असे ऐकिवात नाही, कारण भूक वाढत जाणे हा तेथे व्यवस्थेतील दोष समजला जात नाही. तिच्यासाठीच सारी व्यवस्था असते. जाडसर दळलेल्या गव्हाच्या पिठात थोडा मका, ओवा, मीठ आणि तुपाचे मोहन घालून घट्ट मळलेले गोळे आधी उकळत्या पाण्यात सोडायचे, शिजून वर आले की निथळून घ्यायचे, मग कंड्यांच्या निखाऱ्यावर त्यांची कातडी खरपूस करायची, आणि अखेरीस फोडून तुपात असे बुडवायचे की वैद्याने पाहिल्यास त्याने मान फिरवावी. सोबत तुरीची डाळ, कढी, लसणाची चटणी, आणि त्याच बाफल्यांच्या चुऱ्याचे लाडू. या साऱ्या उद्योगात कारभारी पिठाला बोट लावीत नाहीत. ते वाऱ्याच्या वरच्या अंगाला खाटेवर बसतात, म्हणजे धूर दुसऱ्याकडे जातो, आणि हातातील काठीने निखाऱ्यांचा बंदोबस्त सांगतात. पाण्यातील बाफले वर आले की नाही याचा निकाल तर त्यांच्यावाचून लागतच नाही. आचारी पातेल्यात डोकावून म्हणतो की झाले असावेत, कारभारी उठतात, चष्मा पुसतात, पाहतात, आणि घोषणा करतात, "तरंगला म्हणजे झाला. बुडालेल्या सावकारावर आणि बुडालेल्या बाफल्यावर भरवसा ठेवू नये."

हे वाक्य उदयनगरात इतक्या वेळा ऐकले गेले आहे की त्याला आता कोणी हसत नाही. ते ऐकल्याशिवाय पाणी गाळीतही नाही.

अशा या गृहस्थांस त्यांच्या चिरंजीवांनी सिंगापुरास नेले. मराठी कुटुंबातील मुले परदेशी स्थिरावली की आईबापांना सहा महिन्यांकरिता बोलावून घेण्याचा शिरस्ता आता इतका रूढ झाला आहे की सिंगापुरातील कोणत्याही वसाहतीत सायंकाळी बागेच्या बाकावर पायात पांढरे बूट आणि अंगात सदरा अशा वेषातील मंडळी इमारतींचे मजले मोजताना दिसतात. कारभाऱ्यांनी पहिल्या आठवड्यात मजले मोजले, दुसऱ्या आठवड्यात भुयारी रेल्वेच्या वेळा तपासल्या, आणि गाडी एकदाही उशिरा न आल्यामुळे ते खिन्न झाले. जेथे तक्रारीस जागा नाही तेथे अनुभवी माणसाचा उपयोग काय, असा प्रश्न त्यांच्या मुद्रेवर स्पष्ट वाचता येई.

रविवार तर विशेष दुःसह होई. चिरंजीव म्हणत, "बाबा, बाहेरच जेवण उरकून घेऊ." कारभाऱ्यांना जेवण उरकणे ही कल्पनाच अपमानास्पद वाटे, उरकायचे ते श्राद्ध. लिट्ल इंडियात सेरंगून रस्त्यावर केळीच्या पानावर भात-सांबार वाढणारी उत्तम स्थळे आहेत, आणि तेथील वाढपी इतक्या चपळाईने व न मागता वाढतो की सूचना करावयास तोंड उघडेपर्यंत पानात पुन्हा रसम पडलेले असते. इतरत्र प्रत्येकापुढे आपापले ताट आयते येई. कोणी कोणाच्या ताटात पाहू नये, कोणी कोणास आग्रह करू नये, आणि पाऊण तासात हात धुवून बाहेर पडावे. कारभारी जेवत, पण मामलेदाराला दुसऱ्याच्या हद्दीत मुक्काम पडल्यासारखे, म्हणजे पोट भरे आणि मान राहत नसे.

याच सुमारास मी काही कामानिमित्त सिंगापुरास होतो, आणि एका रविवारी त्यांच्या सूनबाईंनी मलाही दुपारच्या जेवणास बोलावले. स्थळ चिनी हॉटपॉटचे होते. चीनमधील सिचुआन प्रांतातल्या जियानयांग गावी १९९४ साली चार टेबलांवर सुरू झालेली आणि पुढे जगभर पसरलेली हायदिलाओ नावाची एक भोजनगृहांची पेढी आहे; तिची चीनबाहेरील पहिली शाखा २०१२ साली सिंगापुरातच क्लार्क की येथे उघडली, आणि त्यानंतर या बेटावर अशा भोजनगृहांना तोटा राहिलेला नाही. आम्ही गेलो ते त्याच धाटणीचे होते. रांगेत बसलेल्यांना फळांच्या फोडी आणि खारे दाणे मिळाले; आत गेल्यावर प्रत्येकाच्या गळ्यात एक अंगरखा अडकविण्यात आला आणि मोबाईलवर रस्सा उडू नये म्हणून तो ठेवावयास पारदर्शक पिशवी देण्यात आली. कारभाऱ्यांनी हे सर्व सोपस्कार वरपित्याच्या गांभीर्याने स्वीकारले. आपली दखल कोणीतरी घेत आहे हा अनुभव त्यांस बऱ्याच दिवसांनी येत होता.

मग टेबलाच्या मध्यभागी असलेल्या चुलीवर भांडे आले. ते पाहून कारभारी अर्धवट उठून उभे राहिले. भांडे एकच, गोल, पसरट. परंतु त्याच्या पोटातून नागमोडी पत्रा घालून त्याचे दोन विभाग केलेले होते, आणि एका विभागात तांबडाभडक रस्सा तर दुसऱ्यात अळंब्यांचे पांढुरके पाणी होते.

"अरे, हे तर देवास!" कारभारी म्हणाले.

मुलाला यातले काही उमगले नाही, आणि त्यात त्याचा दोष नाही. वाचकांपैकी ज्यांना माळवा अपरिचित आहे त्यांच्यासाठी खुलासा केला पाहिजे. तुकोजी आणि जिवाजी या दोन पवार बंधूंच्या वंशांनी देवास हे एकच गाव वाटून घेतले, त्यातून थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन संस्थाने झाली, आणि दोघांचे राजे, राजवाडे, दरबार आणि दप्तरे एकाच गावात शेजारी शेजारी नांदू लागली. मुख्य रस्त्याच्या एका अंगाला एका पातीचा अंमल, दुसऱ्या अंगाला दुसरीचा; पाण्याची आणि दिवाबत्तीची व्यवस्थाही वेगवेगळी. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर हे १९२१ साली थोरल्या पातीच्या महाराजांचे खासगी चिटणीस म्हणून तेथे राहिले, आणि पुढे १९५३ साली त्यांनी देवासवर जे पुस्तक प्रसिद्ध केले त्यात या द्विदल कारभाराचा अचंबा त्यांना अखेरपर्यंत आवरलेला दिसत नाही. साहेबाला अचंबा वाटला तरी कारभाऱ्यांच्या घराण्याला ती नित्याची गोष्ट होती. एका भांड्यात दोन सरकारे कशी उकळतात हे ज्यांच्या आजोबांनी पाहिलेले, त्यांना त्या नागमोडी पत्र्याचा अर्थ समजावून सांगावा लागला नाही.

आणि खरोखरच, त्या टेबलावर सरहद्दीचा प्रश्न तात्काळ उपस्थित झाला. सूनबाई गोव्याकडच्या, त्यांना कोळंबी आणि मासळी हवी होती, कारभारी शाकाहारी, चिरंजीव दोन्ही पक्षांकडे पाहून गप्प राहणारे. चिनी लोकांत तिखट खाणारा आणि न खाणारा यांची सोय व्हावी म्हणून हे दुपाखी भांडे वापरतात. आपल्याकडे त्याचा खरा उपयोग सासरे आणि सून यांच्यासाठी आहे, असे माझे स्पष्ट मत झाले. कारभाऱ्यांनी सेविकेस बोलावले. ती मुलगी चीनहून आलेली, तिला मराठी येण्याचे कारण नव्हते, परंतु कारभारी मातृभाषेतूनच चौकशी करतात आणि ती चौकशी कोणत्याही भाषेत पोहोचते. "बेटा, या पांढऱ्यात चरबी वगैरे नाही ना?" मुलाने भाषांतर केले. प्रश्न फाजील नव्हता, कारण सिचुआनी तांबड्या रश्श्याचा जुना पाया जनावराच्या चरबीचाच असतो, आणि नुसत्या तेलातला रस्सा हवा असल्यास तो निराळा सांगावा लागतो. सेविकेने आत जाऊन खात्री केली, परत येऊन सांगितले की पांढरा रस्सा अळंबी आणि भाज्यांचाच आहे, आणि कारभाऱ्यांनी मान हलवून ती कैफियत दाखल करून घेतली.

त्यानंतर तहनामा झाला. तांबडी बाजू सूनबाईंची, पांढरी कारभाऱ्यांची. दोन पळ्या, दोन झारे. तांबड्यातला झारा पांढऱ्यात जाणार नाही, पांढऱ्यातला गेल्यास परत येणार नाही. कोळंबीची बशी सरहद्दीपासून वीतभर दूर राहील. नातवाला दोन्ही मुलखांत संचाराची मुभा, मात्र प्रत्येक वेळी वर्दी देऊन. या शर्ती सर्वांनी मान्य केल्यावर कारभाऱ्यांनी दोन्ही पळ्या स्वतःच्या उजव्या हाताशी ठेवून घेतल्या. तांबड्या मुलखातील एक थेंबही ते चाखणार नव्हते. परंतु अंमल न चालविता नुसते आपल्या बाजूस बसून राहणे त्यांच्या रक्तात नव्हते.

ताटल्या येऊ लागल्या. कमळकाकडीच्या चकत्या, पातळ कापलेला बटाटा, नखाएवढ्या टोप्यांच्या अळंब्यांचे झुबके, पालक, चिनी कोबी, मक्याच्या कणसाचे तुकडे, टोफूच्या लाद्या, आणि सोयाबीनच्या दुधावरची साय वाळवून, गुंडाळून तळलेल्या सुरळ्या. सारेच कच्चे. शिजवायचे ते आपणच, टेबलावर, बोलत बोलत. हे जेव्हा कारभाऱ्यांच्या ध्यानात आले तेव्हा त्यांच्या मुद्रेवर जो पालट झाला तो मी विसरणार नाही; निवृत्त मनुष्याला अचानक पूर्वीच्याच जागेवर, पूर्वीच्याच वेतनावर रुजू होण्याचा हुकूम यावा तसा तो होता. "म्हणजे आयते नाही!" ते म्हणाले, आणि त्यांनी बाह्या सारल्या.

पहिल्या प्रथम त्यांनी क्रम लावला. कमळकाकडी आणि मका आधी, कारण ते जड. कोबीचे देठ मग, पाने मागाहून. पालक अगदी शेवटी, कारण तो क्षणाचा सोबती. चिरंजीवांनी सगळेच एकदम ओतण्याचा प्रयत्न केला तेव्हा त्यांना इतक्या थंड नजरेने पाहण्यात आले की त्यांनी बशी खाली ठेवली. सेविकेने कौतुकाने एक नियम सांगितला, की चिनी खवय्ये जनावराच्या आतड्या-पोटाचे पापुद्रे चॉपस्टिकमध्ये धरून सात वेळा वर आणि आठ वेळा खाली बुडवितात, म्हणजे ते नेमके शिजतात आणि चिवट होत नाहीत. ज्या पदार्थासाठी हा नियम आहे तो कारभाऱ्यांनी कानांआड केला. नियम मात्र उचलला. नियम म्हटला की तो अमलात आणलाच पाहिजे. त्यांनी सोयाबीनची सुरळी चिमट्यात धरली आणि वर-खाली करीत मोठ्याने मोजू लागले, नातू त्यांच्याबरोबर मोजू लागला, आणि आठव्या बुडीनंतर सुरळीचा निम्मा भाग रश्श्यातच राहिला. "कच्चा माल ढिसाळ आहे," कारभारी म्हणाले. ती सुरळी दोन-तीन क्षणच बुडवायची असते हे सेविका सांगणार होती. पण तिने कारभाऱ्यांकडे पाहिले आणि विचार बदलला. नोकरी करणाऱ्या माणसाला वरिष्ठ ओळखू येतो.

दरम्यान तांबड्या मुलखातून सूनबाईंनी पहिला घास घेतला आणि त्या एकदम म्हणाल्या, "बाबा, हे तिरफळच!" त्यांची जीभ बरोबर होती. सिचुआनी रश्श्यात मिरचीच्या जोडीने जी दाणेदार मिरी घालतात आणि जिच्यामुळे ओठांना मुंग्या येऊन जीभ बधिरते, ती आपल्या कोकण-गोव्याकडील तिरफळाची सख्खी चुलत बहीण. दोघी एकाच वनस्पतिकुळातील एकाच प्रजातीच्या. बांगड्याच्या आमटीत ठेचून पडणारे तिरफळ आणि यांगत्सेच्या खोऱ्यातील तो बधिर करणारा दाणा यांची गाठ सिंगापुरातल्या एका टेबलावर, एका गोवेकर सुनेच्या तोंडात पडावी यात मला तरी फार गंमत वाटली. मिरचीची हकीकतही अशीच आहे. ती अमेरिकेतून निघाली, पोर्तुगीजांच्या गलबतांतून आपल्याकडे आली, आणि सोळाव्या शतकाच्या अखेरीस चीनमध्ये तिची पहिली नोंद सापडते ती बागेत लावावयाचे शोभेचे झाड म्हणून. मी हे सांगितले तेव्हा कारभाऱ्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि मग निकाल दिला की मिरची कोठूनही येवो, रंग पाहता हा माल निमाडातल्या बेडियाच्या बाजारातलाच असला पाहिजे. नर्मदा ओलांडली की निमाड. उदयनगरकराला त्यापलीकडे मिरचीचा उगम शोधण्याची गरज भासत नाही.

परंतु तो तांबडा रंग त्यांना छळत होता हे मी ओळखले. आपल्या बाजूचे अळंब्यांचे पाणी सात्त्विक होते, आणि सात्त्विकपणा ही माळव्यात आजाऱ्याची खूण समजतात. ते उठून चटण्यांच्या टेबलाकडे गेले. तेथे वाडगे घेऊन आपली चटणी आपणच कालवायची असते. सोया, तिळाचे वाटण, तिळाचे तेल, ठेचलेला लसूण, कोथिंबीर, कांद्याची पात, मिरचीचे तेल, दाण्याचे कूट असे सारे मांडलेले असते. बराच वेळ ते परत आले नाहीत. मी पाहण्यास गेलो तेव्हा त्यांनी वाडग्यात लसूण दाबून भरला होता, त्यावर तिखट आणि मीठ घालून चमच्याच्या पाठीने तो रगडीत होते, आणि वर तिळाच्या तेलाची धार सोडीत होते. वाडगा नाकाशी नेऊन त्यांनी डोळे मिटले. "तूप असते तर गोठच," ते म्हणाले. आपण शोधलेली ही चटणी चोंगचिंगकडील लोक हॉटपॉटबरोबर पिढ्यान्‌पिढ्या खात आले आहेत, तेथेही लसूण आणि तिळाचे तेल हीच मूळ जोडी मानतात, हे मी त्यांना सांगितले नाही. शोधाचे श्रेय हिरावून घेणे बरे नव्हे.

त्याच चोंगचिंगची एक गोष्ट मात्र सांगितली आणि ती त्यांना अतिशय पटली. तेथे दोन नद्यांच्या संगमावर नावाडी आणि हमाल यांचे स्वस्त जेवण म्हणून हा तिखट प्रकार वाढला असे मानतात. आणि एकाच मोठ्या पातेल्यात नऊ खणांची जाळी बसवून, एकमेकांची ओळखही नसलेली माणसे आपापल्या खणात आपापले शिजवून खात असत असे सांगतात. "नऊ परगणे!" कारभारी उद्गारले, आणि प्रत्येक परगण्याची जमाबंदी कशी राखली जात असेल या विचारात ते काही वेळ गढून गेले. १७९६ साली सिंहासन सोडलेल्या वृद्ध चिएनलुंग बादशहाने राज्यभरातील हजारो म्हाताऱ्यांना राजवाड्यात बोलावून हॉटपॉटची मेजवानी दिली होती, हेही मी सांगून टाकले. त्यावर त्यांनी चिरंजीवांकडे नुसते पाहिले.

शेजारच्या टेबलावर एक वृद्ध चिनी गृहस्थ मोठ्या परिवारासह बसले होते. त्यांच्याही उजव्या हाताशी दोन पळ्या होत्या. त्यांचाही मुलगा काहीतरी एकदम ओतू पाहत होता आणि त्यालाही थंड नजरेने रोखण्यात येत होते. ते बऱ्याच वेळापासून आमच्या भांड्याकडे अस्वस्थपणे पाहत असावेत, कारण एका क्षणी त्यांना राहवले नाही. त्यांनी हात पुढे करून आमच्या पांढऱ्या रश्श्यातील टोफूकडे बोट दाखविले आणि तळहात वर नेला. काढा, असा त्याचा अर्थ होता. कारभाऱ्यांनी टोफू काढला, चाखला, आणि पसंतीची मान हलविली. मग त्यांनी शेजाऱ्यांच्या भांड्यात नजर टाकली. तेथे सारण भरलेल्या पिठाच्या करंज्या नुकत्याच पृष्ठभागावर येऊ लागल्या होत्या. कारभाऱ्यांनी चष्मा पुसला, खात्री केली, आणि बोट करून शुद्ध मराठीत सांगितले, "तरंगला म्हणजे झाला."

वृद्ध गृहस्थांनी करंजी काढली, फोडून पाहिली, आणि ते मनापासून हसले. त्यानंतर दोन्ही टेबलांमध्ये जो पत्रव्यवहार सुरू झाला त्याला भाषेची अडचण कोठेही आली नाही. दोन्हीकडची मुले मोबाईलच्या पिशव्यांत बोटे घालून बसली होती. दोन्हीकडचे म्हातारे राज्य चालवीत होते. एक आळवाच्या कांद्याची चकती इकडून तिकडे नजराण्यादाखल गेली, आणि तिकडून अळंब्यांचा एक झुबका आला, तोही पांढऱ्या बाजूच्या झाऱ्यानेच, कारण सरहद्दीची कल्पना त्या गृहस्थांना सूनबाईंपेक्षाही लवकर आली होती.

जेवण किती वेळ चालले याची मी मोजदाद केली नाही. शनिवार-रविवारी अशा ठिकाणी गर्दीमुळे टेबल ठराविक मुदतीपुरतेच मिळते, आणि मुदत संपत आल्याची सूचना सेविकेने अदबीने दिली. कारभाऱ्यांनी ती अदबीने ऐकून घेतली आणि पालकाची बशी अजून शिल्लक आहे या कारणास्तव मुदतवाढ मागितली. ती मिळाली. मध्यंतरी एक तरुण येऊन पिठाची लांबच लांब पट्टी हवेत फिरवीत, नाचवीत, माणसांच्या डोक्यांवरून झुलवीत तिच्या शेवया ओढून दाखवून गेला, आणि सारे भोजनगृह टाळ्या वाजवीत असता कारभाऱ्यांनी मला कानात सांगितले की पीठ चांगले मळलेले आहे, पण ओवा घातलेला नाही. त्या शेवया अखेरीस रश्श्यात सोडल्या गेल्या. तोपर्यंत सुरुवातीपासूनच्या सर्व भाज्यांचा अर्क पाण्यात उतरलेला होता, आणि ते सात्त्विक पाणी इतके चविष्ट झाले होते की कारभाऱ्यांनी वाटी पुढे केली, पुन्हा केली, आणि आजारपणाचा आरोप मागे घेतला.

हिशेबाचा कागद आला तो चिरंजीवांकडे. तो वाटेत अडविण्यात आला. ताटल्यांची रुजुवात झाली, कमळकाकडी दोनदा लावलेली नाही हे सिद्ध झाले, आणि मगच रक्कम चुकती करण्यास मंजुरी मिळाली. निघताना शेजारच्या वृद्धांनी उभे राहून दोन्ही हात जुळविले, कारभाऱ्यांनीही जुळविले.

पुढचे सर्व रविवार तेथेच गेले असे मला सूनबाईंकडून नंतर कळले. परतीच्या वेळी कारभाऱ्यांच्या सामानात चॉकलेटे, मलम आणि घड्याळ यांच्याऐवजी चायनाटाऊनमधून आणलेले ते नागमोडी पत्र्याचे भांडे होते, सदऱ्यांत गुंडाळलेले.

उदयनगरास त्या भांड्याची पहिली गोठ झाली तिला मी हजर होतो. कंड्यांवर भांडे चढले. एका बाजूस तुरीची डाळ आणि दुसऱ्या बाजूस कढी उकळू लागली. मंडळींनी पुष्कळ कौतुक केले. अडचण एवढीच झाली की भांड्याच्या बाजू दोन आणि कारभारी एक, ही गोष्ट वनखात्यातून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांच्या लक्षात आली, आणि कोणाची परवानगी न घेता त्यांनी कढीची पळी उचलली. कारभाऱ्यांनी हरकत नोंदविली. वनखात्याने उत्तर दिले की देवासला धाकटी पातीही सार्वभौम होती. इतक्यात उतू जाणारी डाळ पत्र्यावरून कढीत उतरली; वनखात्याने ते आक्रमण ठरविले, महसूल खात्याने पूर, आणि पंचनाम्यासाठी दोन्ही पक्षांनी माझ्याकडे वाटी पुढे केली. मी ती डाळ मिसळलेली कढी चाखली आणि उत्कृष्ट झाली आहे असे सांगितले. तेव्हापासून दोघेही माझ्याशी जपून बोलतात.